पापणीवरचे इसब : घरचा उपाय कोठवर?

मानवी शरीरावरील सर्वांत पातळ कातडी पापणीची असते. तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. त्यामुळे जे तळहाताला जाणवतही नाही, ते पापणीला सोसत नाही. तेल असो, सुगंध असो की औषधी मलम, ते या कातडीतून इतर जागेपेक्षा लवकर आत शिरते. डोळ्यांभोवतीच्या इसबाचा, म्हणजेच एक्झिमाचा विचार करताना ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली, तर पुढच्या बहुतेक गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

या विकाराची सुरुवात साधी असते. पापणीला खाज सुटते, कातडी तांबूस होते, सकाळी उठल्यावर डोळे सुजल्यासारखे दिसतात. मग कोरडे पापुद्रे सुटतात, डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक चिरा पडतात, धुताना आग होते. दिवस लोटले की कातडी जाड व सुरकुतलेली होते आणि तिचा रंग काळपट पडतो. खाजेमुळे चोळणे वाढते, चोळल्याने कातडी अधिक दुखावते आणि दुखावलेली कातडी अधिक खाजते. हे चक्र मोडणे हेच उपचाराचे पहिले काम असते.

इसब हा संसर्गजन्य रोग नाही. एकाचा टॉवेल वापरल्याने तो दुसऱ्याला होत नाही, आणि रक्त बिघडल्याचेही ते लक्षण नव्हे. हे स्पष्ट सांगण्याचे कारण असे की, लग्नाच्या वयातील मुलीच्या चेहऱ्यावर असे डाग दिसले की अनेक घरांत ते लपवण्याची धडपड सुरू होते. पाहुणे येण्याच्या आत चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून कोणीतरी सांगितलेले मलम आणले जाते, आणि खरे नुकसान तेथून सुरू होते. त्याचा विचार पुढे येईलच.

कारण कोठे दडलेले असते?

डोळ्यांभोवतीच्या इसबाची मुख्य कारणे चार. पहिले, जन्मजात प्रवृत्ती. ज्या घरात दमा, सततच्या शिंका किंवा बालपणीचे इसब आहे, त्या घरातील मुलांत ती अधिक आढळते. दुसरे, एखाद्या पदार्थाने कातडीचा थेट दाह होणे. तिसरे, एखाद्या पदार्थाची अॅलर्जी होणे. चौथे, डोक्यातील कोंड्याशी संबंधित असलेला दाह, ज्यात भुवया आणि पापण्यांच्या कडाही खवल्यांनी भरतात.

यांपैकी अॅलर्जीचे कारण सर्वांत फसवे असते, कारण ज्या वस्तूची अॅलर्जी असते ती बहुधा पापणीला लावलेलीच नसते. नखांना लावलेल्या पॉलिशचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बोटांची कातडी जाड असल्याने तेथे काहीच होत नाही, परंतु दिवसभरात बोटे नकळत कितीतरी वेळा डोळ्यांकडे जातात आणि त्रास पापणीला होतो. केसांच्या कलपाचेही तसेच. काळ्या कलपात पॅराफेनिलिनडायअमिन हे रसायन असते. लग्नसमारंभात हातावर काढल्या जाणाऱ्या तथाकथित काळ्या मेंदीतही ते पुष्कळदा मिसळलेले असते. ज्याला त्याची अॅलर्जी आहे, त्याचे केस जेथल्या तेथे राहतात आणि पापण्या मात्र सुजून डोळे मिटतात.

डोके दुखले म्हणून कपाळाला चोळलेला बाम, त्यातील कापूर व पुदिन्याचे सत्त्व, अंगाला लावलेले अत्तर, देवघरातील उदबत्तीचा धूर, टिकलीमागचा चिकट गोंद, बाजारी कुंकवातील रंग, शांपू व ओल्या रुमालांतील मेथिलआयसोथायाझोलिनोन हे संरक्षक द्रव्य, इतकेच काय, डोळ्यांत घालण्याच्या थेंबांतील व मलमांतील काही औषधेसुद्धा या यादीत येतात. सराफी पेढीवरील मंडळींना नवल वाटेल, पण सोन्याचीही अॅलर्जी असते. संपर्कजन्य त्वचारोगांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संस्थेने २००१ साली सोन्याला त्या वर्षीचा लक्षवेधी अॅलर्जीकारक पदार्थ म्हणून निवडले होते, आणि सोन्याच्या अॅलर्जीची खूण काही रुग्णांत बोटावर न दिसता पापणीवर दिसते. नकली दागिन्यांतील निकेल तर त्याहून कितीतरी अधिक जणांना बाधते.

व्यापारी कुटुंबांत याखेरीज दुकानाचा आणि गोदामाचा वाटा असतो. मिरचीच्या पोत्यांजवळ काम करणाऱ्याच्या पापण्या मिरचीच्या धुळीने भाजल्यासारख्या होतात. धान्याच्या गोदामात धूळ आणि सूक्ष्म किडी असतात. सिमेंटच्या दुकानात सिमेंटची पूड उडते. न चुरगळणाऱ्या कापडावर केलेल्या काही प्रक्रियांतून थोडे फॉर्माल्डिहाइड सुटते. दिवाळीपूर्वी दुकानाची साफसफाई निघाली की जुन्या वह्या आणि माळ्यावरचा माल खाली येतो, आणि त्याच आठवड्यात डोळे लाल झाल्याच्या तक्रारी वाढतात.

पंधरा दिवसांची रोजकीर्द

कारण सापडत नाही तोवर कोणताही उपाय तात्पुरताच ठरतो. ते शोधण्याची पद्धत पेढीवर वाढलेल्या माणसाला नवी नाही. एक छोटी वही घ्यावी आणि पंधरा दिवस रोजकीर्द लिहावी. एका बाजूला त्या दिवशी चेहरा, केस, नखे व हात यांना काय काय लागले ते, कोणत्या मालाची हाताळणी झाली ते, आणि दुसऱ्या बाजूला सकाळी व रात्री पापण्या कशा होत्या ते नोंदवावे. अॅलर्जीचा परिणाम लगेच न दिसता एक-दोन दिवसांनीही दिसतो. म्हणून सोमवारच्या त्रासाचे कारण शनिवारच्या किंवा रविवारच्या नोंदीत शोधावे लागते. रविवारी कलप आणि मंगळवारी सूज, असा मेळ दोनदा जमला की संशयाला आधार मिळतो.

याच काळात डोळ्यांभोवतीचे सर्व प्रसाधन बंद ठेवावे. काजळ, सुरमा, नखांचे पॉलिश, सुगंधी साबण, फेशवॉश, अत्तर या साऱ्यांना विश्रांती द्यावी. बाजारात मिळणाऱ्या काही सुरम्यांत शिसे असल्याचे वारंवार आढळले आहे, तेव्हा तान्ह्या मुलांच्या डोळ्यांना तर तो कधीच लावू नये. घरी धरलेले काजळही बाळाच्या डोळ्यांत घालू नये, असाच वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे.

वहीतून उत्तर मिळाले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थांचे सूक्ष्म नमुने पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवले जातात, पट्टी काढल्यावर एकदा आणि सुमारे दोन दिवसांनी पुन्हा एकदा कातडी तपासली जाते. भारतात नित्य आढळणाऱ्या पदार्थांचा स्वतंत्र संच यासाठी उपलब्ध आहे. या चाचणीत सुई टोचत नाहीत आणि रक्तही काढत नाहीत. वर्षानुवर्षे मलमांवर होणारा खर्च एका चाचणीने वाचण्याची शक्यता असते.

घरात करता येण्याजोगे

सौम्य त्रासात सर्वांत निर्धोक उपाय थंड पाण्याच्या घडीचा आहे. जैन घरात गाळून उकळलेले पाणी रोज तयार असतेच. ते पूर्ण थंड झाल्यावर त्यात मऊ, जुन्या सुती कापडाची स्वच्छ घडी भिजवावी, पिळावी आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावी. दिवसातून दोन-तीन वेळा असे केल्यास खाज व सूज उतरते. दर वेळी धुतलेली नवी घडी घ्यावी. बर्फ थेट लावू नये.

घडी काढल्यावर चेहरा न पुसता हलकेच टिपावा आणि कातडी किंचित ओलसर असतानाच तिच्यावर स्निग्ध थर द्यावा. यासाठी सुगंध नसलेली साधी पेट्रोलियम जेली उत्तम. ती खनिजापासून बनते, तिच्यात प्राणिज अंश नसतो आणि तिची अॅलर्जी अत्यंत विरळा. दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढी पुरते. ती बाहेरच्या बाजूस लावावी, केसांच्या मुळांत किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नये.

खोबरेल तेलाला थोडा शास्त्रीय आधार आहे. फिलिपाइन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, शुद्ध खोबरेल तेलाने खनिज तेलापेक्षा अधिक आराम पडल्याचे दिसले. ती चाचणी अंगावरील इसबाची होती, पापणीची नव्हे, हे मात्र विसरू नये. सुगंध न घातलेले ताजे तेल अत्यल्प प्रमाणात लावून पाहण्यास हरकत नाही. आयुर्वेदातील शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, दाह शमवण्यासाठी परंपरेने वापरले जाते. ते वापरायचे असल्यास ताजे व स्वच्छ असावे, आणि लस वाहत असलेल्या कातडीवर लावू नये.

नवीन कोणतीही वस्तू पापणीला लावण्यापूर्वी तिची परीक्षा कोपराच्या आतील बाजूस घ्यावी. रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सलग सात दिवस ती लावावी. खाज वा लाली आली नाही, तरच पुढे जावे. नखे आखूड ठेवावीत, उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलावा, केस धुताना डोके मागे झुकवून फेस चेहऱ्यावर येणार नाही असे पाहावे. मुलांच्या हातांत झोपताना सैल सुती मोजे घातले, तर नकळत होणारे चोळणे टळते. हे चोळणे साधे समजू नये. वर्षानुवर्षे डोळे जोराने चोळण्याच्या सवयीचा केराटोकोनस या विकाराशी संबंध आढळला आहे. त्यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि दृष्टी अधू होते.

घरचे असूनही टाळावे असे

स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तू सौम्य असते, ही समजूत खरी नाही. लिंबाचा रस आणि तुरटी यांनी चिरलेली कातडी भाजते. मोहरीचे तेल मुळातच तिखट. कोरफडीच्या पानाच्या सालीलगत पिवळा चीक असतो, तो दाहक असतो. बाजारी जेलमध्ये सुगंध आणि संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. गुलाबपाणी निर्जंतुक नसते आणि त्याचा सुगंधही काहींना बाधतो.

हळदीविषयी थोडे सविस्तर. सांगलीच्या पेठेमुळे हळद अनेक जैन कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग आहे आणि तिच्या गुणांबद्दलचा आदर योग्यच आहे. तथापि हळदीची पूड पापणीवर लावणे हिताचे नाही. तिचे खरखरीत कण डोळ्यांत जातात, काहींना तिची अॅलर्जीही होते, आणि मालाची शुद्धता ठाऊक नसेल तर मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट यांसारखी भेसळ थेट डोळ्यांजवळ पोहोचते. हळदीचे स्थान जेवणात राहू द्यावे.

डाळीच्या पिठाचे उटणे, दुधाची साय, कणकेचा लेप हेही इसब असलेल्या चेहऱ्याला, विशेषतः मुलांच्या, लावू नयेत. तुटलेल्या कातडीतून अन्नातील प्रथिने आत गेली तर शरीर त्या अन्नालाच शत्रू मानू लागते. जपानमध्ये गव्हाच्या प्रथिनापासून केलेला घटक असलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अॅलर्जी जडली होती. तोपर्यंत ती माणसे गहू निर्वेधपणे खात होती.

अभिषेकाचे गंधोदक डोळ्यांना लावण्याची प्रथा आहे. मैनासुंदरीने श्रीपाल राजाच्या कुष्ठावर ते शिंपडल्याची कथा लहानपणापासून प्रत्येकाने ऐकलेली असते, आणि त्यामागील भाव वंदनीय आहे. परंतु त्यात चंदन, केशर किंवा दूध मिसळलेले असेल, तर पापणीवर चिरा असेपर्यंत ते मस्तकी धारण करावे, डोळ्यांपासून दूर ठेवावे. भक्तीला त्याने उणेपणा येत नाही.

स्टेरॉईडचे उसने स्वास्थ्य

आता त्या मलमाकडे वळावे, जे औषधाच्या दुकानातून कोणाच्याही सांगण्यावरून आणले जाते. खाज, डाग, नायटा, गोरेपणा अशा सर्व गोष्टींसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉईड असते, कधी त्याच्या जोडीला बुरशीनाशक आणि जंतुनाशकही. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते आणि सर्वांना हायसे वाटते. मलम बंद केले की त्रास दुपटीने परततो, म्हणून पुन्हा मलम. भारी व्याजाने काढलेल्या कर्जासारखा हा व्यवहार आहे. हाती रक्कम पडताना आनंद होतो, आणि फेडीची वेळ येते तेव्हा मुद्दलापेक्षा व्याज मोठे झालेले असते.

हे व्याज काय असते? कातडी अधिकच पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात. त्याहून गंभीर म्हणजे पापणीवरचे स्टेरॉईड डोळ्यापर्यंत पोहोचू शकते. दीर्घकाळ वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही अकाली येऊ शकतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि तो बहुधा दुखतही नाही, त्यामुळे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. केंद्र शासनाने २०१८ साली अशा चौदा स्टेरॉईड मलमांना अनुसूची एचमध्ये आणले, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आपल्या समाजातील अनेक बंधू औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत. ओळखीच्या ग्राहकालाही चिठ्ठीविना असे मलम न देणे, ही कायद्याची अट तर आहेच, पण व्यापारातील अहिंसेचेही ते आचरण आहे.

याचा अर्थ स्टेरॉईड विष आहे असा नाही. तज्ज्ञ डॉक्टर पापणीसाठी सौम्य स्टेरॉईड मोजक्या दिवसांकरिता देतात आणि ते उपयोगी पडते. टॅक्रोलिमससारखे स्टेरॉईड नसलेले मलमही आता मिळते. त्याने सुरुवातीचे काही दिवस थोडी आग होते, परंतु कातडी पातळ होत नाही. कोणते, किती आणि केव्हा थांबवायचे, हा निर्णय मात्र डॉक्टरांचाच असावा.

आचार आणि औषध

जैन रुग्णांच्या मनात औषधाविषयी काही रास्त शंका असतात आणि संकोचामुळे त्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत. काही मलमांत मधमाशीचे मेण असते, काहींत मेंढीच्या लोकरीतून मिळणारे लॅनोलिन. लॅनोलिन टाळण्यास आणखी एक कारण आहे, ते काहींना अॅलर्जीही करते. घटकांची यादी वाचावी आणि पर्याय आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. खाजेसाठी रात्री झोपताना घेण्याच्या गोळ्या दिल्या जातात. चौविहार पाळणाऱ्यांनी ते आधीच सांगितले, तर सूर्यास्तापूर्वी घेता येईल अशी गोळी किंवा वेळ सुचवता येते. न सांगता गोळ्या सोडून देणे यात ना व्रताचे पालन नीट होते, ना उपचाराचे. बाह्य लेप सूर्यास्तानंतरही चालतो असे बहुतेक घरांत मानतात. पौषधासारख्या व्रतात गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे.

रोग समभावाने सहन करणे हा मुनिधर्मातील बावीस परीषहांपैकी एक आहे. गृहस्थासाठी मात्र शास्त्रकारांनी चार दानांत औषधदानाची गणना केली आहे. ज्या परंपरेने दुसऱ्यास औषध देणे हे पुण्य मानले, तिने स्वतःच्या लेकराचा उपचार लांबवणे कधीच शिकवलेले नाही.

थांबू नये अशा वेळा

घरचा उपाय पाच ते सात दिवस करून पाहावा. तोवर उतार पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. पुढील लक्षणांत मात्र एक दिवसही वाट पाहू नये. डोळा दुखणे, अंधुक दिसणे किंवा प्रकाश सहन न होणे. पापणीवर पुंजक्याने पाणीदार फोड येणे, कारण इसब असलेल्या कातडीवर हर्पिसचा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि बुबुळाला इजा करतो. एकाच बाजूची तीव्र सूज व ताप. पू किंवा पिवळी खपली. कलप लावल्यानंतर चेहरा सुजून श्वास अडणे. अशा वेळी नेत्रतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठावे. पापण्यांवर जांभळट छटा आणि सोबत जिना चढताना मांड्यांत अशक्तपणा असेल, तर तो इसबाहून वेगळा, अंतर्गत रोग असू शकतो. त्याचीही तपासणी टाळू नये. ज्यांनी पूर्वी महिनोन्महिने स्टेरॉईड मलम लावले आहे, त्यांनी त्रास नसला तरी एकदा डोळ्यांतील दाब मोजून घ्यावा. ही तपासणी काही मिनिटांची असते.

शेवटी एक विचार दुकानातील इतर माणसांचा. मिरची, सिमेंट, धान्य यांची धूळ मालकापेक्षा हमालाच्या आणि नोकराच्या डोळ्यांत अधिक जाते. त्यांना धूळ रोखणारे चष्मे व मुखपट्टी द्यावी, हात व तोंड धुण्यास स्वच्छ पाणी ठेवावे आणि पापण्या लाल दिसल्या तर दुकानातलेच मलम हाती न देता डॉक्टरांकडे पाठवून त्यांची फी पेढीच्या खर्चात लिहावी. औषधदान वर्षातून एकदा शिबिरातच करावे असा काही नियम नाही.